उन्हाळ्यात हवा कमी ठेवा

हे वाक्य माझ्या दुकानाच्या भिंतीवर सव्वीस वर्षं होतं. पत्र्याची पाटी, पिवळ्यावर तांबडी अक्षरं, माझ्याच हातची. 'ठेवा'मधला 'ठे' जरा वाकडा पडला होता, पण कसालच्या तिठ्यावरून जाणाऱ्या एस.टी.तल्या माणसालाही ते वाचता यायचं. आज ते वाक्य तिथे नाही. ते का नाही, तेच सांगायला बसलोय. मासिकाच्या अंकासाठी माझ्याकडे मागितले होते 'टायरवाल्याचे गमतीदार अनुभव'. गमती आहेत, एकदोन सांगतोही. पण नुसत्या गमतीच हव्या असतील तर दुसरा टायरवाला बघावा, रस्त्यावर पुष्कळ आहेत.

मला सगळे बाबलकाका म्हणतात. पंक्चर काढणं, टायर बदलणं, हवा भरणं, एवढाच माझा धंदा. छत्तीस वर्षं केला. आता कंबर साथ देत नाही, जॅक मारताना डोळ्यांपुढे काजवे चमकतात, म्हणून अर्धा दिवसच दुकान उघडतो. लोकांना वाटतं गाडी टायरवर उभी असते. कसली टायरवर! गाडी हवेवर उभी असते. टायर म्हणजे त्या हवेची पिशवी. पिशवी कितीही महागाची घ्या, आत हवा बरोबर नसेल तर ती पिशवी तुम्हाला कधी रस्त्यावर ओतील त्याचा नेम नाही.

आणि टायर नुसता धावून मरत नाही, उभा राहूनही मरतो. हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. एका गणपतीला एक चाकरमानी मुंबईहून आला. गाडीच्या पुढे लिंबू-मिरची, चारी चाकांना हळद-कुंकू, आणि टायर नऊ वर्षांचे. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात; पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. मी त्याला बोट लावून दाखवलं. तो म्हणे, "काका, नक्षी बघा ना, नवी कोरी आहे. गाडी वर्षभर बिल्डिंगखालीच असते." मी म्हटलं, "म्हणूनच नक्षी आसा आणि टायर नाय." बाजूच्या रबरावर, तळपायाला पडतात तशा बारीक भेगा होत्या. तो ऐकेना. शेवटी त्याची बायको पोराला काखेत घेऊन खाली उतरली, माझ्या बाकड्यावर बसली आणि म्हणाली, "टायर बदलल्याशिवाय मी या गाडीत बसत नाही. तू जा तुझ्या लिंबाबरोबर." चारही बदलले. त्या बाईचा मी अजून आभारी आहे.

दुसरा एक देवगडचा पांडू. होडी वाहून न्यायचा त्याचा एक ट्रेलर होता. पावसाळाभर होडी त्याच्यावर, ट्रेलर माडाखाली. होडीच्या लाकडाला तडे जाऊ नयेत म्हणून जसं माशाचं तेल चोपडतात, तसं त्याने ट्रेलरच्या टायरांनाही चोपडलं होतं, चांगलं दोन-तीन वर्षं, मायेने. तेलाने रबर सुजून मऊ झालं होतं, बोट दाबलं तर खळगा पडायचा. माझ्या दुकानापर्यंत तो ट्रेलर आला तेव्हा मागे चार कुत्री. मी म्हटलं, "मेल्या, टायर आणलंस काय सुको बांगडो?" तिठ्यावरचे सगळे पोट धरून हसले, पांडूही हसला. मी सगळ्यात जास्त हसलो. दुसऱ्याची चूक अशी लांबूनच वास मारते. माझी स्वतःची चूक मी पिवळ्या रंगात रंगवून भिंतीला ठोकली होती, आणि तिला काही वास येत नव्हता.

ती चूक मला माझ्या गुरूने दिली. सावळाराम मिस्त्री, कुडाळचे. त्यांच्या हाताखाली मी चार वर्षं काढली. माणूस देवासारखा. टायरवर नुसती टिचकी मारून आत किती हवा आहे ते सांगायचे, आणि गेज लावला तर एखाद्या पौंडाचा फरक. त्यांचा नियम होता, "चैत लागलो की दोन पौंड कमी कर. वैशाखात चार. पाऊस सुरू झालो की परत घाल." कारण विचारलं तर म्हणायचे, "उन्हान हवा फुगता. फुगो कसो फुटता? तसो टायर फुटता." ऐकायला किती बरोबर वाटतं! मला वाटलं, त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला वाटलं, आणि आजही आमच्या भागातल्या दहा माणसांना विचाराल तर बहुतेक हेच सांगतील.

खरं आहे ते नेमकं उलटं. हवा कमी असली की टायर खाली बसतो. मग चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला त्याची बाजू दुमडते आणि सरळ होते, दुमडते आणि सरळ होते. एक तार हातात घ्या आणि भराभर मागेपुढे वाकवत राहा, बोटांना चटका बसेल आणि थोड्या वेळात तार तुटेल. टायरचं तेच होतं. उन्हाने जेवढा तापतो त्याच्या कितीतरी पट तो या दुमडण्याने तापतो. ऊन असताना तर हवा पुरेपूर हवी. आणि ती बघायची सकाळी, गाडी थंड असताना. धावून आलेल्या टायरमध्ये हवा पाच-सात पौंड वाढलेली दिसते, ती वाढणारच, ती धरूनच कंपनीने टायर बनवलेला असतो. ती काढायची नसते. हे चार ओळींचं ज्ञान मला सव्वीस वर्षं नव्हतं.

नव्हतं असंही कसं म्हणू? एका टायर कंपनीची इंजिनियर मुलगी आमच्याकडे फिरतीवर आली होती. पंचविशीची असेल. कुडाळच्या एका हॉटेलात आम्हा दुकानदारांना बोलावून तिने फळ्यावर आकृत्या काढून हेच सगळं सांगितलं. आम्ही जेवणाची वाट बघत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी ती माझ्या दुकानावरून जाताना थांबली, पाटी वाचली आणि म्हणाली, "काका, हे उलटं आहे हो. यानेच फुटतात." मी तिला म्हटलं, "बाय माझे, तुझं वय किती आणि माझ्या दुकानाचं वय किती?" मी दिलेला पाण्याचा पेला ठेवून ती गेली. तिठ्यावर हा किस्सा मी पुढे वर्षभर रंगवून सांगितला. आता आठवलं की कानशिलं गरम होतात.

आता मोहनची गोष्ट.

मालवणच्या अलीकडच्या एका गावात शरद मास्तर राहतात. कसालच्या पुढच्या शाळेत त्यांनी नोकरी केली, त्यामुळे वीसेक वर्षं रोज एस.टी.तून माझी पाटी वाचत ते गेले. एकदा उतरून म्हणाले होते, "बाबल, तुझो 'ठे' वाकडो आसा. शाळेत असतस तर छडी खाल्ली असतीस." मोहन त्यांचा धाकटा भाऊ, पंधरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा मोहन सहा वर्षांचा. मास्तरांच्या बायकोने, शालिनीवयनीने, त्याला वाढवला. त्याच्या तोंडात दिवसातून शंभर वेळा 'वयनी'. पोटची पोरं आईला इतक्या हाका मारत नाहीत. मोहन ड्रायव्हर झाला, जीप चालवायचा, आणि माझ्याशिवाय कोणाला टायरला हात लावू द्यायचा नाही. "हवा म्हणजे बाबलकाकाची," असं तो सगळीकडे सांगायचा. हे ऐकून माझी छाती फुगायची.

मास्तरांच्या मुंबईतल्या मुलाने एक कॅराव्हॅन घेतली. म्हणजे चाकांवरची खोली. आत दोन पलंग, ओटा, पंखा, सगळं. तिला स्वतःचं इंजिन नसतं, जीपच्या मागे आकड्याला लावून ओढायची. समुद्राकाठी न्यायची, पर्यटक तिच्यात राहतात. आमच्याकडे हे हल्लीच सुरू झालंय. या असल्या ओढायच्या गाडीचं एक वाईट असतं, ते सांगतो. तुमच्या गाडीचा टायर बसायला लागला तर स्टिअरिंग ओढतं, खालून थडथड लागते, टायर तुम्हाला हाक मारतो. मागच्या ट्रेलरचा टायर हाक मारत नाही. मारली तरी पुढे बसलेल्याला ऐकू येत नाही. थेट फुटतो तेव्हाच कळतं, आणि तेव्हा मागची खोली शेपटासारखी डावी-उजवी व्हायला लागते आणि पुढच्या गाडीलाही घेऊन जाते. म्हणून ट्रेलरच्या टायरात कंपनीने सांगितलेली पुरती हवा हवी, एक पौंड कमी नाही. त्या कॅराव्हॅनच्या दाराशी तशी चिकटपट्टी होती. पासष्ट पौंड.

तीन वर्षांमागचा वैशाख. देवगडजवळच्या एका आंब्याच्या बागेत ती कॅराव्हॅन पोचवायची होती. किनाऱ्याचा रस्ता अरुंद आणि वळणांचा, म्हणून मोहन लांबून, कसालवरून हायवेने निघाला. वयनीचं माहेर देवगड. गाडी जातेच आहे म्हणून तीही निघाली. साडेअकराला माझ्या दुकानापुढे थांबले. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं.

मोहन उतरला आणि म्हणाला, "काका, जरा हवा बघतस?"

मी जीपची बघितली. मग मागच्या खोलीच्या टायरला गेज लावला. बहात्तर! मी ओरडलो, "मेल्या, ह्यो टायर आसा काय बाँब? बहात्तर कोणी भरल्यान?"

"दादाच्या झिलान मुंबैसून फोनार सांगल्यान, पासष्ट ठेव म्हणान. सकाळी घराकडे पासष्टच भरलेली. थंय चिटकावलेला पण आसा बघ."

मी ती चिकटपट्टी बघितलीसुद्धा नाही. म्हटलं, "मुंबैक पंख्याखाली बसान तेका काय कळता? हयलो वैशाख तेना बघल्यान हा काय?" आणि वाल दाबला. शूं करून हवा निघाली. ती हवा गरम होती, माझ्या अंगठ्याला लागली. पासष्टवर आली. मी थांबलो नाही; मिस्त्री चारच काढायचे, पण या बाँबला चार कसे पुरणार? साठ. पंचावन्न. पन्नास. पंचेचाळीसवर आणली आणि दुसऱ्या टायरकडे गेलो. दोन्ही सारखे केले.

मोहन म्हणाला, "काका, कमी नाय ना जावची?"

मी पाटीकडे बोट केलं.

वयनी जीपमध्ये बसली होती, डोक्यावर पदर ओला करून. खिडकीतून म्हणाली, "मोहना, बाबलदादांका विचारतस काय? तेंका कळना नाय तर कोणाक कळतला?" आणि मला म्हणाली, "येताना पेटी आणतंय हां. देवगडचो अस्सल. पोरांक होतलो." मी हात हलवला. गाडी तिठ्यावरून वळून गेली. मी दुकानात येऊन कोकमचं सरबत प्यायलो.

नांदगाव सोडून देवगडच्या रस्त्याला लागल्यावर एका उतारावर कॅराव्हॅनचा डावा टायर फुटला. मागची खोली आधी डावीकडे गेली, मग उजवीकडे, मग जीपला घेऊन कडेच्या चरात आडवी झाली. वयनी जागच्या जागी गेली. मोहनचा हात आणि तीन बरगड्या मोडल्या.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी मला बोलावलं. टायरातला जाणकार माणूस म्हणून. माझा त्या भागात तेवढा लौकिक होता. फुटलेलं चाक आवारात काढून ठेवलेलं होतं. मी वाकलो. माझ्या धंद्यात माणसाला टायर वाचता येतो, जसं वैद्याला जीभ बघून कळतं. नक्षी शाबूत होती. बाजूचं रबर रिमपासून चार बोटांवर गोल, जवळजवळ पूर्ण वर्तुळात फाटलेलं. मी आत हात घातला. हाताला काळी भुकटी लागली, चुलीतल्या कोळशाची लागते तशी. आतल्या कडेला निळसर झाक. खिळ्याने फुटलेला टायर असा दिसत नाही. दगडावर आपटून फुटलेलाही नाही. कमी हवेवर धावून धावून आतल्या आत रगडला गेलेला, भाजलेला टायर असा दिसतो. त्या मुलीने फळ्यावर हेच चित्र काढलं होतं. मग मी उजव्या टायरला गेज लावला. तो फुटला नव्हता. त्याच्यात थंड होऊन बेचाळीसवर आलेली माझीच पंचेचाळीस होती.

हवालदार शेजारी कागद घेऊन उभे होते. म्हणाले, "काय वाटतं?"

मी काय बोललो ते आजही मला अक्षरन् अक्षर पाठ आहे. मी शुद्ध मराठीत बोललो, मालवणीत मला ते बोलता आलं नसतं. म्हणालो, "गाडीचा वेग जास्त असावा साहेब. त्यामुळे टायर तापून फुटला असावा." त्यांनी लिहिलं. मी सही केली. भुकटीचा हात पँटला पुसला.

का बोललो? भ्यालो, दुसरं काय. सगळं आयुष्य ज्या माणसाने 'हवा म्हणजे बाबलकाकाची' हे ऐकलं, त्याच्या तोंडून 'मी हवा काढली' हे निघेना. सावळाराम मिस्त्रींचा नियम, माझी पाटी, तिठ्यावरचं माझं हसणं, सगळं त्या एका वाक्यात बुडालं असतं. मग मी मोहनला बुडवला.

घरी जायच्या आधी दुकानात गेलो आणि पाटी उपटली. पंक्चर बघायच्या पाण्याच्या टाकीवर ती झाकण म्हणून पालथी घातली. भिंतीत दोन खिळे तसेच राहिले. त्या दिवसापासून मी हवा बरोबर भरायला लागलो. सकाळी या म्हणून लोकांशी भांडायला लागलो, चार आकडे वाचल्याशिवाय ट्रेलरला हात लावीना. गिऱ्हाइकं म्हणायची, "बाबल म्हातारो झालो, तेची फिरली." फिरली ती कशाने हे कोणाला सांगणार?

मोहनवर भरधाव गाडी चालवल्याची केस झाली. तो जीप चालवायचा बंद झाला, हात बरा झाला तरी. काजूच्या बागेत काम करायला लागला. गावात म्हणायचे, भावाभावांत बोलणं उरलेलं नाही, मास्तर त्याला घरात घेत नाहीत. मास्तर स्वतः दोनदा माझ्या दुकानी आले, स्कूटर घेऊन. दोन्ही वेळा चाकात हवा पुरेशी होती. तरी म्हणाले, "बघ जरा." मी खाली बसून गेज लावला. ते वर उभे राहून माझ्याकडे बघत राहिले. मग स्कूटर चालू केली आणि गेले.

पहिल्या वर्षी त्यांच्या घरचा गणपती साधाच झाला, मी गेलो नाही. दुसऱ्या वर्षीही टाळलं. तिसऱ्या वर्षी गेलो, कारण न जाणंही दिसलं असतं. दुपारची आरती चालली होती. आमच्याकडे कितीही भांडणं असोत, घरचा गणपती एक आणि आरतीला सगळी भावकी आत. मोहन आत नव्हता. तो बाहेर खळ्यात, म्हणजे अंगणात, उभा होता, तुळशीच्या पलीकडे, पाऊस भुरभुरत होता त्यात. टाळ्या वाजवत होता. आतल्या आरतीबरोबर त्याचे ओठ हलत होते. आरती फिरवत बाहेर आणली तर त्याने हात पुढे केला नाही, मागे सरकला. मी प्रसाद खिशात घालून परत आलो. बायकोने विचारलं, "काय झाला?" तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माका सांगान काय उपयोग? जेका सांगाचा तेका सांग."

तरी मला आणखी एक वर्ष लागलं. एक वर्ष! लाज वाटते लिहिताना. गेल्या गणपतीला मी गेलो. पुन्हा आरती, पुन्हा पाऊस, पुन्हा तुळशीपलीकडे मोहन. आरती संपली, माणसं पानावर बसली, तेव्हा मी मास्तरांना पडवीत बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. बहात्तर, पंचेचाळीस, भुकटी, माझी सही. एका दमात, खाली बघत. मला वाटलं, आता हा माणूस मला मारणार. मारावं असंही वाटत होतं.

मास्तर शांतपणे म्हणाले, "पाटी तू दुसऱ्याच दिवशी काढलंस."

मी वर बघितलं.

"वीस वर्षा मी ती वाचलंय, बाबल. दुसऱ्या दिवशी सांजचे शालिनीक घेऊन आमी थंयसून येय होतो, तेव्हा मी खिडकीतसून बघलंय. दोन खिळे होते आणि पाटी नाय. तेव्हाच माका कळला. दोनदा तुझ्याकडे इलंय. म्हटलंय, बोलशीत. नाय बोललस."

"मग मोहनाक तुमी बाहेर कित्याक..." माझ्या तोंडून निघून गेलं.

तेव्हा मात्र त्यांचा आवाज चढला. "मी बाहेर ठेवलंय? मी? पाय धरूचे बाकी ठेवलंय तेचे! तोच येना नाय. म्हणता, वयनीक मी मारलंय, माका त्या दारातसून जाऊचो हक्क नाय. मी सांगितलंय, बाबलाची पाटी गेली, तेचो अर्थ समज. तर काय म्हणता म्हायत आसा? 'बाबलकाका खोटा बोलाचो नाय.' आता माका सांगून काय करतस? जा. थंय बसलो आसा बघ."

मोहन विहिरीजवळ माडाच्या ओंडक्यावर बसला होता. मी समोर उभा राहिलो. इतक्या जवळून तीन वर्षांत त्याला बघितलं नव्हतं. चाळिशीचा माणूस, केस सगळे पिकलेले. मला बघून उठला, बसायला जागा दिली. तेवढंही मला सहन होईना.

मी म्हटलं, "मोहना, तेव्हा काटो खंय होतो? गाडी कितीर होती?"

"माका वाटत होता चाळीसार. पण तसा नसतला. तू टायर बघून सांगलस ना. माझीच नजर चुकली असतली."

"मी खोटा बोललंय."

मी थांबलो नाही.

"टायर हवेन फुटलो. मी काढलेली ती हवा. माका थंय बघताच कळला. आणि मी तुझो वेग सांगलंय."

"म्हणजे चाळीसच होता?"

"चाळीसच असतला. तुझ्या वेगान नाय फुटलो."

"चाळीसच?"

"होय रे."

तो खाली बसला. दोन्ही हात गुडघ्यांत घालून, विहिरीकडे बघत बोलायला लागला, माझ्याशी नव्हे. "उतार लागलो तेव्हा वयनी म्हणाली, मोहना सावकाश हाक. मी म्हटलंय, वयनी, चाळीस आसा, बघ होया तर. तिना वाकान काटो बघल्यान. बघल्यान आणि परत टेकान बसली. म्हणाली, बरा." मग म्हणाला, "तीन वर्षा मी माकाच सांगतंय, की मी तिका खोटा सांगितलंय. तिका नीट दिसाक नसतला, म्हणान ती टेकान बसली. तिच्या डोळ्यांर इस्वास ठेवक नाय मी. तुझ्यार ठेवलंय."

मी माफी मागितली, पण तो शब्द त्या पावसात कुठे गेला कोण जाणे. तो उठला. माझ्या बाजूने गेला, मला धक्का न लावता. खळं ओलांडलं, पायरीवर पाय पुसले आणि आत गेला. आरती केव्हाच आटोपली होती, पंगत अर्धी जेवून झाली होती. आतून मास्तरांचा रडण्याचा आवाज आला. मी तसाच छत्री न घेता घरी आलो.

दुसऱ्या दिवशी पोलिसांकडे जाऊन जबाब बदलला. कोर्टात माझं जे काय व्हायचं ते होईल, मी तयार आहे. पाटी टाकीवरून काढली, मागच्या कोऱ्या बाजूवर रंगवली आणि त्याच दोन खिळ्यांना लावली. 'हवा सकाळी बघा, गाडी थंड असताना. पूर्ण भरा.' या वेळी अक्षरं सगळी सरळ आली आहेत. मास्तर एकदा येऊन वाचून गेले. मोहन पुन्हा जीप चालवतो, पण हवा दुसरीकडे भरतो. तिठ्यावरून जाताना माझ्या दुकानाकडे बघत नाही. त्याने बघावं अशी माझी अपेक्षाही नाही.

हे छापायच्या आधी मास्तरांच्या हाती मोहनला वाचायला पाठवलं. त्याला नको असेल तर फाडून टाकणार होतो. आठ दिवसांनी कागद परत आले. काही खोडलेलं नव्हतं. मास्तर म्हणाले, "छाप म्हणता. फक्त तो वेग शेवटाक परत एकदा लिही. आकड्यात नको, अक्षरात. आकडो कोणी पण बदलता."

जीपचा वेग ताशी चाळीस होता. चाळीस. वयनीने स्वतः वाकून बघितला होता.